छोट्या रोहित्रांची जोडणी : एकसर, समांतर आणि उलटी

सिन्नरजवळच्या माळेगाव किंवा मुसळगाव औद्योगिक वसाहतीतील एखाद्या यंत्राची नियंत्रण-पेटी उघडली, तर आत बहुधा मुठीएवढे रोहित्र, अर्थात ट्रान्सफॉर्मर आढळतो. ४१५ व्होल्टचा दाब ११० किंवा २४ व्होल्टवर आणून तो कॉन्टॅक्टरला पुरविणे, एवढेच त्याचे काम. शिवारात खांबांवर उभी असलेली ‘डीपी’ ही त्याचीच थोरली बहीण. हवे त्या दाबाचे रोहित्र हाताशी नसले, की दोन लहान रोहित्रे जोडून काम भागविण्याचा विचार कारागिराच्या मनात येतो. तो योग्यही आहे. मात्र त्याच दोन रोहित्रांतून २४ व्होल्ट मिळतील, शून्य मिळेल की धूर निघेल, हे केवळ जोडणीवर ठरते.

२३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारी दोन एकसारखी रोहित्रे घेऊ. दोन्हींची प्राथमिक वेटोळी पुरवठ्याला समांतर जोडली आणि दुय्यम वेटोळी एकापुढे एक, म्हणजे एकसर लावली, तर दाबांची बेरीज होऊन २४ व्होल्ट मिळतात. एका वेटोळ्याची टोके उलटी लागली, तर वजाबाकी होऊन हाती जवळजवळ शून्य येते. प्रत्यावर्ती प्रवाहाला धन-ऋण कसले, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करीत असला, तरी कोणत्याही एका क्षणी दोन वेटोळ्यांची कोणती टोके एकाच वेळी धन होतात, हे ठरलेले असते. आकृतीत त्या टोकांपाशी ठिपका काढतात. स्वस्त रोहित्रांवर ठिपका नसतो. तेव्हा व्होल्टमीटरने मोजून पाहावे. भार नसताना १२ ऐवजी १३-१४ व्होल्ट दिसले, तर रोहित्र बिघडले असे समजू नये. भारामुळे होणारी घट धरूनच त्याचे वेढे ठरविलेले असतात.

एकसर जोडणीत टोके चुकली, तर सहसा फक्त काम होत नाही. समांतर जोडणीतील चूक मात्र महाग पडते. दुय्यम वेटोळी समांतर लावल्यास दाब १२ व्होल्टच राहतो आणि प्रवाहाची क्षमता वाढते. परंतु टोके उलटी असतील, तर २४ व्होल्टचा दाब वेटोळ्यांच्या अत्यल्प रोधावर येऊन पडतो आणि भार नसतानाही रोहित्रे जळतात. म्हणून आधी एकेक टोक जोडावे आणि उरलेल्या दोन टोकांमधील दाब मोजावा. शून्य आले तरच ती जोडावीत. २४ आले तर एक वेटोळे उलटवावे. एक रोहित्र १२ चे आणि दुसरे १५ चे असेल, तर हा नाद सोडलेलाच बरा. त्यांच्यात निष्कारण प्रवाह फिरत राहतो.

प्राथमिक वेटोळी एकसर लावण्याचा प्रयोग वेगळेच दृश्य दाखवितो. दोन्ही दुय्यम बाजूंवर सारखे दिवे असतील, तर प्रत्येक रोहित्राच्या वाट्याला निम्मा दाब येतो. एक दिवा काढला, की दुसराही जवळजवळ विझतो. कारण भार नसलेले रोहित्र बहुतेक सर्व दाब स्वतःकडे ओढून घेते. वीजपुरवठ्याच्या इतिहासात हाच दोष निर्णायक ठरला. फ्रान्सचे ल्युसिएन गोलार आणि इंग्लंडचे जॉन गिब्ज यांनी रोहित्रे एकसर जोडली होती; १८८४ मध्ये तुरीन येथील प्रदर्शनात त्यांची पद्धत गाजली. मात्र एका ठिकाणचे दिवे मालवले, की इतर ठिकाणचा दाब बिघडे. बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि देरी यांनी १८८५ मध्ये बंद गाभ्याची रोहित्रे समांतर जोडून दाखविली. पुढील वर्षी अमेरिकेत ग्रेट बॅरिंग्टन येथे विल्यम स्टॅन्ली यांनी तोच मार्ग धरला. आजची सारी वीजवितरण व्यवस्था समांतर जोडणीवर उभी आहे.

वाहिनीच्या शेवटच्या टोकाला दाब कमी मिळतो, तेथे आणखी एक युक्ती उपयोगी पडते. २४ व्होल्टचे दुय्यम वेटोळे मुख्य पुरवठ्याशी एकसर लावले, तर २०० व्होल्टचे सुमारे २२१ होतात. दोन अँपिअरचे, म्हणजे अवघे ४८ व्होल्ट-अँपिअरचे रोहित्र अशा रीतीने सुमारे ४४० व्होल्ट-अँपिअरचा भार सांभाळते. मात्र आसपासचे पंप बंद होऊन पुरवठा २४० वर गेला, की उपकरणाला २६५ व्होल्ट बसतात. शिवाय पुरवठ्यापासूनचे विलगीकरण उरत नाही. ते २४ व्होल्टचे वेटोळे म्हणून निर्धास्तपणे हात लावणाऱ्याला २३० व्होल्टचा झटका बसतो.

विलगीकरणच हवे असेल, तर दोन रोहित्रे पाठीला पाठ लावतात. पहिले २३० चे १२ करते, दुसरे उलटे जोडलेले असल्याने १२ चे पुन्हा २३० करते. प्रत्यक्षात थोडे कमीच. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते, ही गोष्ट येथे उघड होते आणि तिची धास्ती शिवारातील वायरमनला अधिक असते. वीज गेल्यावर कोणी चेंजओव्हर स्विच न बसविता जनित्र घरच्या तारांना जोडले, तर ती वीज डीपीत उलटी शिरते आणि ‘बंद’ समजलेल्या वाहिनीवर ११ हजार व्होल्टपर्यंतचा दाब उभा राहू शकतो. म्हणूनच मुख्य स्विच पाडल्यावरही दुरुस्तीपूर्वी वाहिनीत वीज नसल्याची खात्री करून तिच्या तिन्ही तारा जमिनीशी जोडून घेतात.