किस्स्याचा उरलेला भाग

आमच्या वस्तीतले म्हातारे येसकरपाळीचे किस्से रंगवून सांगत. आम्ही पोरे पोट धरून हसत असू. मार खाल्ल्याचा भाग त्यात कधी आला नाही. हॅना गॅड्सबी यांचे 'नॅनेट' पाहताना मला ते म्हातारे आठवले.

गॅड्सबींचा जन्म १९७८ चा, ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियातला. पुरुषांमधले समलिंगी संबंध तिथे १९९७ पर्यंत गुन्हा होता. इतर सर्व राज्यांनी तो कायदा आधीच मोडीत काढला होता. स्त्री-पुरुष या दोन खणांत न बसणाऱ्या या कलावंताने २००६ मध्ये नवोदितांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि पुढे दहा वर्षे स्वतःचीच टर उडवून लोकांना हसवले. त्यातला एक किस्सा असा: बसथांब्यावर एक पुरुष अंगावर धावून येतो, समोर बाई आहे हे कळताच ओशाळून मागे सरतो. हशा!

२०१७ च्या 'नॅनेट'मध्ये उरलेले सांगितले. तो परत आला. त्याने बेदम मारले. कोणी अडवले नाही. गॅड्सबींनी पोलिसांत तक्रार केली नाही, दवाखानाही गाठला नाही. आपली लायकी एवढीच, असे वाटले म्हणून. (हे वाटणे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.) परिघावरच्या माणसाने स्वतःला हसणे ही नम्रता नव्हे, मानहानी आहे, ही त्यांची मांडणी मला बिनतोड वाटते.

विनोद सोडतो म्हणून जाहीर केले, आणि २०२० मध्ये 'डग्लस' आले. काहींनी यावर बोट ठेवले. मी ठेवणार नाही.