पिस्तूल कसे घ्यायचे आणि रेंजवर कसे पारखायचे? परवान्यापासून पहिल्या गोळीपर्यंत

पिस्तूल ही दुकानात जाऊन, आवडले म्हणून घेऊन येण्याची वस्तू नाही. आधी परवाना, मग शस्त्र आणि त्यानंतर रेंजवरचा सराव, हा क्रम भारतात कायद्याने ठरलेला आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम हे त्याचे मुख्य आधार आहेत. परभणी जिल्ह्यातील ताडकळस (ता. पूर्णा) येथे राहणाऱ्या व्यक्तीला पिस्तूल घ्यायचे असेल, तर काय करावे लागते, हे या लेखात पाहू.

स्वसंरक्षण की खेळ?

पहिला प्रश्न पिस्तूल कोणते हा नसून ते कशासाठी हा आहे. स्वसंरक्षणासाठी काडतुसाचे शस्त्र हवे असेल, तर परवाना लागतो आणि जिवाला धोका असल्याचे कारण पटवून द्यावे लागते. नेमबाजी शिकायची असेल, तर सुरुवात एअर पिस्तुलाने होते. ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही; ओळखीचा पुरावा देऊन ते विकत घेता येते. अनेकांची खरी गरज नेमबाजीची असते, पण ते परवान्याच्या मागे लागतात. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

परवाना कोण देतो?

पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. इतरत्र तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. त्यामुळे ताडकळसच्या अर्जदाराचा अर्ज परभणीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जातो आणि चौकशी ताडकळस पोलीस ठाण्यामार्फत होते. अर्जदारावर गुन्हे आहेत का, त्याने सांगितलेला धोका खरा आहे का, गावात त्याचे वागणे कसे आहे, हे पोलीस पाहतात.

अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही नियमांत सांगितले आहे. नियमांनुसार पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय व्हायचा असतो. अर्ज फेटाळल्यास कारणे लेखी मागता येतात आणि ३० दिवसांच्या आत अपील करता येते. परवाना मिळणे हा हक्क नाही, पण कारण जाणून घेणे आणि दाद मागणे हा हक्क आहे.

मंजूर परवान्याला राष्ट्रीय डेटाबेसमधील एक विशिष्ट क्रमांक मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, तर सर्वसाधारण परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली.

कोणते पिस्तूल घेता येते?

चित्रपटांत दिसणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. नागरिकांसाठी सर्वांत परिचित बोअर म्हणजे .३२. सरकारी कारखान्यांतले 'अशनी' हे .३२ बोअरचे पिस्तूल आहे. कानपूरला तयार होणारे आणि २०१४ मध्ये बाजारात आलेले 'निर्भीक' हे त्याच बोअरचे हलके रिव्हॉल्व्हर आहे.

दोन्हींत फरक आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या चक्रात असतात. पिस्तुलात त्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात आणि प्रत्येक गोळीनंतर पुढची आपोआप नळीत चढते. म्हणून पिस्तुलाबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे नाही. एक गोळी नळीत उरलेली असू शकते.

खरेदी करताना काय पाहावे?

शस्त्र फक्त परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा कायदेशीर हस्तांतरणानेच घेता येते. शस्त्रावर कोरलेला क्रमांक, बिलावरचा क्रमांक आणि परवान्यावरची नोंद हे तिन्ही अंकाअंकाने जुळतात का, ते दुकानातच पाहावे. एका वेळी किती काडतुसे बाळगता येतील आणि वर्षभरात किती घेता येतील, तसेच परवाना राज्यापुरता आहे की देशभर चालतो, हे परवान्यावर लिहिलेले असते. रेंजवर जायचे तर या मर्यादा आधी वाचाव्यात. जुने शस्त्र घेताना क्रमांक खरवडलेला किंवा बदललेला वाटला, तर व्यवहार तिथेच थांबवावा. ओळखचिन्ह पुसलेले शस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे.

खेळाचे पिस्तूल निवडताना

१० मीटर एअर पिस्तूल प्रकारात पिस्तुलाचे वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम आणि ट्रिगरचा दाब किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ ११.५ मिलिमीटर असतो. पिस्तूल एका हातानेच धरायचे असल्याने ब्रँडपेक्षा मूठ महत्त्वाची ठरते. ती तळहातात घट्ट बसली पाहिजे आणि पिस्तूल उचलल्यावर मनगट न वळवता माशी व मागची खाच एका रेषेत आली पाहिजे. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवरची वापराची अंतिम तारीखही तपासावी.

स्वतःचे पिस्तूल घेण्याआधी क्लबच्या पिस्तुलावर काही आठवडे सराव करणे शहाणपणाचे असते. रायफल क्लबला स्वतःच्या नावावर शस्त्रे ठेवता येतात आणि सदस्य ती प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली वापरू शकतात. महाराष्ट्रात पुण्याचे म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडा संकुल आणि मुंबईत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज ही प्रमुख केंद्रे आहेत. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. या स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

रेंजवरचा पहिला दिवस

रेंजवर पिस्तूल पेटीत, रिकामे आणि परवान्यासह न्यावे. पेटी फायरिंग पॉइंटवरच उघडावी, नळीचे तोंड कायम लक्ष्याकडे ठेवावे आणि गोळी झाडण्याचा क्षण येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवावे. शस्त्र रिकामे असल्याचे दिसावे म्हणून नळीत भडक रंगाची सेफ्टी फ्लॅग घालतात. 'लोड', 'स्टार्ट', 'स्टॉप' आणि 'अनलोड' या आज्ञांनुसारच सर्व काही चालते. 'स्टॉप' ऐकू आले की ओढत आणलेला ट्रिगरही सोडायचा असतो. काडतुसाच्या पिस्तुलासाठी कानांचे आणि डोळ्यांचे संरक्षण हवेच.

नव्या पिस्तुलाची पारख एका गोळीवर होत नाही. एकाच बिंदूवर नेम धरून पाच-पाच गोळ्यांचे गट पाडावेत. गोळ्या जवळजवळ पण केंद्राबाहेर पडत असतील, तर साइट फिरवून दुरुस्ती होते. विखुरलेल्या पडत असतील, तर दोष बहुधा पकडीत किंवा ट्रिगर ओढण्यात असतो. उजव्या हाताच्या नवशिक्याच्या गोळ्या डावीकडे खाली जातात, तेव्हा ट्रिगरला हिसका बसत असतो; अशा वेळी साइट फिरवून उपयोग नाही. एअर पिस्तुलात वेगवेगळ्या आकाराचे छर्रे वापरून कोणता गट घट्ट पडतो तेही पाहतात.

काडतूस फुटले नाही, तर पिस्तूल लक्ष्याकडेच रोखून साधारण ३० सेकंद थांबावे. काही काडतुसे उशिरा पेट घेतात. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर पुढची गोळी अजिबात झाडू नये. आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मग नळी फुटण्याचा धोका असतो. सराव संपल्यावर हात धुवावेत, कारण काडतुसाच्या धुरात आणि छर्ऱ्यांवर शिसे असते.

शस्त्र ओळखीचे असणे किती मोलाचे असते, याचे उदाहरण टोकियो ऑलिंपिकमध्ये दिसले. २५ जुलै २०२१ रोजी १० मीटर एअर पिस्तूल पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर तुटला. दुरुस्तीत वेळ गेला, ती ५७५ गुणांवर बारावी राहिली आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. २०२४ मध्ये पॅरिसला तिने याच प्रकारात कांस्यपदक मिळवले.

परवाना असला तरी हे करता येत नाही

लग्नात, वरातीत किंवा निवडणुकीच्या विजयानंतर हवेत गोळीबार करणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. म्हणून नवे पिस्तूल शेतात किंवा माळावर 'चालवून बघणे' हाही पर्याय नाही. निवडणुकीच्या काळात प्रशासनाने सांगितल्यास शस्त्र जमा करावे लागते. घरात ते काडतुसांपासून वेगळे, कुलूपबंद आणि मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

परवान्याची वाट लांब वाटते म्हणून 'गावठी कट्टा' घेणे सर्वांत महागात पडते. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास साधारणपणे किमान दोन ते कमाल पाच वर्षांची कैद आहे. शिवाय असे शस्त्र कोणत्याही चाचणीतून गेलेले नसते. ते झाडणाऱ्याच्याच हातात फुटू शकते.