तारण कुणाचं?

पँथर हे नाव आपल्याकडे १९७२ साली आलं ते अमेरिकेतल्या ऑकलंडहून. तिथल्या काळ्या पोरांनी १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी काढली. त्यांची काळी जाकिटं, त्यांच्या बंदुका, त्यांच्या घोषणा आपल्याला ठाऊक आहेत. पण दोस्तहो, त्या पोरांच्या आज्या-पणज्यांच्या उशाशी काय होतं हे आपण फारसं विचारलं नाही. उशाशी बायबल होतं. आणि ज्यानं त्यांच्या पाठीची सालटी काढली त्या गोऱ्या मालकाच्या उशाशीपण तेच बायबल. एकच पुस्तक, एकच येशू. एकाच्या हातात चाबूक, दुसऱ्याच्या पाठीवर वळ. हे कसं जमलं त्याचा हिशेब मांडायचाय.

आधी त्या लोकांचं म्हणणं नीट ऐकू. इव्हँजेलिकल म्हंजे सुवार्ता सांगणारे, प्रोटेस्टंटांतले कडवे. त्यांची श्रद्धा पाच-सहा खांबांवर उभी आहे. बायबल हा खुद्द देवाचा शब्द, त्यात तसूभर चूक नाही. माणूस जन्मतःच पापी. दानधर्म करून, पुण्य साठवून कुणी सुटत नाही. येशू कुमारीच्या पोटी जन्मला, तो देवही आणि माणूसही. क्रुसावर त्यानं आपल्या जागी शिक्षा भोगली, आपल्या पापाचं देणं स्वतःच्या रक्तानं फेडलं. तिसऱ्या दिवशी देहानिशी उठला, आणि पुन्हा येणार आहे. हे सगळं ज्याचं त्यानं मनापासून कबूल करायचं, त्याला ते 'नवा जन्म' म्हणतात. बापाचा धर्म पोराला आपोआप लागत नाही. जन्मानं कुणी ख्रिस्ती नाही.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. जन्मानं कुणी वर नाही, राजा आणि झाडूवाला सारखेच पापी, दोघांची किंमत एकाच रक्तानं चुकवलेली. जिथं जन्मावरनं माणूस विकला जातो तिथं ही सुरुंगाची दारू आहे. मालकांना ते बरोबर कळलं होतं. गुलामाला बाप्तिस्मा दिला तर तो सुटतो की काय, ही भीती त्यांना होती. म्हणून व्हर्जिनिया वसाहतीनं १६६७ साली कायदाच केला: बाप्तिस्मा घेतल्यानं गुलामाची गुलामी बदलत नाही. झालं! आत्मा देवाचा, अंग मालकाचं. वाटणी पक्की.

आपल्या मराठीत 'तारण' हा शब्द मोठा नामी आहे. चर्चमध्ये तारण म्हंजे मुक्ती. सावकाराच्या ओट्यावर तारण म्हंजे गहाण. अमेरिकेच्या दक्षिणेत हे दोन्ही अर्थ एकाच माणसाला लागू पडत होते. रविवारी त्याचं तारण व्हायचं आणि सोमवारी मालक त्यालाच तारण ठेवून कर्ज उचलायचा. गुलाम गहाण टाकायचे आणि त्या पैशानं जमीन आणि आणखी गुलाम घ्यायचे, हा तिथला रोजचा व्यवहार होता.

अठराव्या शतकात ह्या नव्या जन्माची लाट अमेरिकेत उसळली. जॉर्ज व्हाइटफील्ड नावाचा इंग्रज प्रवचनकार उघड्या मैदानात हजारोंना रडवायचा. १७४० साली त्यानं गुलामांना जनावरासारखं वागवणाऱ्या मालकांना जाहीर पत्र लिहून झापलं. बरं वाटतं ना? आता पुढचं ऐका. जॉर्जिया वसाहतीत गुलामीला बंदी होती. तिथं त्याचं अनाथाश्रम होतं, आश्रमाला शेतीचं उत्पन्न हवं होतं. तर ह्याच माणसानं गुलामी चालू करा म्हणून खटपट केली. १७५१ साली बंदी उठली. १७७० साली मेला तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात आश्रमाच्या इमारतींबरोबर गुलामही होते. अनाथांसाठी गुलाम!

आणि त्याच्यावर शोकगीत लिहिलं कुणी? फिलिस व्हीटलीनं. सात-आठ वर्षांची असताना, १७६१ साली, आफ्रिकेतनं बोस्टनच्या धक्क्यावर आणून विकलेली पोरगी. ज्या जहाजातनं आली त्या जहाजाचं नाव तिला दिलं. १७७३ साली लंडनात तिचा कवितासंग्रह निघाला, तर त्यात बोस्टनच्या १८ बड्या असामींची साक्ष छापावी लागली की होय, ह्या कविता ह्या काळ्या पोरीनंच लिहिल्यात. कवीला जातीचा दाखला लागतो तो असा. पुढं ती सुटली आणि १७८४ साली गरिबीत मेली. तिनं व्हाइटफील्डवर लिहिलं म्हणून तिला लाचार ठरवणारे आहेत. मी ठरवत नाही. त्या शोकगीतात ती त्या प्रवचनकाराच्या तोंडून आफ्रिकनांनाही येशूकडं बोलावते. मालकांच्या मजलशीत आपल्या माणसांचं नाव घुसवलं तिनं.

आता कापसाकडं या. हे मला जास्त समजतं, कारण माझी भाकरी कापसातच आहे.

१७८४ साली बाल्टिमोरला मेथडिस्टांची परिषद भरली, तिथं ठरलं की सभासदांनी आपले गुलाम सोडावेत. सहा-आठ महिन्यांत नियम गुंडाळला हे खरं, पण ठराव झाला होता. १७८९ साली व्हर्जिनियाच्या बाप्टिस्टांनीही गुलामीविरुद्ध ठराव केला. म्हंजे हेच पुस्तक वाचून ह्याच इव्हँजेलिकलांना गुलामी पाप वाटत होती. मग १७९३ साली एली व्हिटनीचं जिन आलं. दक्षिणेतल्या आतल्या मुलखात पिकणारा कापूस आखूड धाग्याचा, सरकी धाग्याला चिकटून बसलेली. हातानं सोडवायची तर एका माणसाचा दिवस जायचा आणि जेमतेम रतलभर रुई निघायची. जिननं ते काम झपाट्यानं व्हायला लागलं. मँचेस्टरच्या साच्यांना पाहिजे तेवढी रुई. पण जिन सरकी काढतं, बोंड वेचत नाही. वेचायला बोटं लागतात. १७९० साली अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० साली सुमारे ३९ लाख ५० हजार झाले.

पुस्तक तेच राहिलं, वाचणाऱ्याची नजर फिरली. १८२२ साली चार्ल्स्टनमध्ये डेन्मार्क व्हेसी नावाच्या सुटलेल्या गुलामाचा बंडाचा बेत फुटला. तो बायबल वाचून, मोशेनं इस्राएल लोकांना फारोच्या तावडीतनं काढलं ते दाखवून माणसं गोळा करत होता. ३५ जण फासावर गेले, काळ्यांचं चर्च पाडलं. लगेच साऊथ कॅरोलायनाच्या बाप्टिस्टांतर्फे रिचर्ड फरमन ह्यांनी गव्हर्नरला पत्र लिहून कळवलं की गुलाम ठेवणं शास्त्राला धरून आहे. अब्राहामाकडं दास होते. पौल सांगतो की दासांनी धन्याचं ऐकावं. त्यानं ओनेसिम नावाच्या दासाला धनी फिलेमोनकडं परत पाठवलं. आणि इतर पंडितांनी नोहाच्या शापाची गोष्ट पुढं केली, काळे हे शापित वंशाचे म्हणून. मूळ गोष्टीत शाप हामला नाहीच, त्याच्या कनान नावाच्या पोराला आहे, आणि कातडीच्या रंगाचा त्यात एक शब्द नाही. अक्षरन् अक्षर खरं मानणाऱ्यांना एवढं अक्षर दिसलं नाही.

१८४४ साली गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायला उत्तरेच्या बाप्टिस्टांनी नकार दिला. १८४५ साली दक्षिणेच्या बाप्टिस्टांनी जॉर्जियात ऑगस्टा इथं वेगळी चूल मांडली, सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन. पुढं ती अमेरिकेतली सगळ्यात मोठी प्रोटेस्टंट संघटना झाली. तिच्या पायाचा पहिला दगड हा.

त्याच १८४५ साली फ्रेडरिक डग्लस ह्या पळून सुटलेल्या गुलामाचं आत्मचरित्र निघालं. त्याचा मालक थॉमस ऑल्ड १८३२ साली एका मेथडिस्ट मेळाव्यात गेला आणि त्याचा 'नवा जन्म' झाला. डग्लसला आशा वाटली, आता हा माणूस नरमेल. तो जास्तच क्रूर झाला, कारण आता त्याला आधार मिळाला. लहानपणी भाजून हात निकामी झालेली हेनी नावाची पांगळी बाई. तिला तो बांधून उघड्या खांद्यांवर फोडायचा आणि तोंडानं लूकचं वचन म्हणायचा. वचन म्हंजे धन्याची इच्छा ठाऊक असून न करणाऱ्या दासाला पुष्कळ फटके. डग्लसनं ह्यावरनं येशू टाकला नाही. त्यानं सांगितलं की ह्या देशाचा ख्रिस्ती धर्म वेगळा आणि ख्रिस्ताचा वेगळा, आणि दोघांत वैर आहे.

हा भेद गुलामांना आधीपासून माहीत होता. मालकांनापण होता बरं का. १८०७ साली लंडनात वेस्ट इंडिजच्या गुलामांसाठी खास बायबल छापलं. त्यातनं जुन्या कराराचा सुमारे ९० टक्के भाग काढून टाकलेला, नव्याचा निम्मा. गुलामांना मिसरातनं सोडवण्याची गोष्ट गायब. योसेफाला भावांनी विकलं, तरी तो निमूटपणे राबला, ते ठेवलं. आणि ख्रिस्तात दास नाही की स्वतंत्र नाही असं जे पौल गलतीकरांना लिहितो, ते कापलं. पुस्तक निर्दोष आहे म्हणता ना? मग कात्री कशाला? विशेष म्हंजे त्याच साली त्याच लंडनात विल्बरफोर्स ह्या इव्हँजेलिकलाच्या वीस वर्षांच्या झुंजीनं गुलामांच्या व्यापारावर बंदी आली. म्हणून मी सगळ्यांना एका दोरीत बांधत नाही.

ह्या सुताचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली अहमदनगरला ठाण मांडलं. तीच अमेरिकन मराठी मिशन. ह्या बोर्डाला तिकडं गुलामीविरोधी मंडळी म्हणत होती, गुलामांच्या मालकांचा पैसा घेऊ नका, उघड भूमिका घ्या. बोर्ड गुळमुळीत बोलत राहिलं. वैतागून १८४६ साली त्यांनी वेगळी अमेरिकन मिशनरी असोसिएशन काढली. म्हंजे नगरकडच्या महार-मांगांच्या पोरांना अक्षर देणाऱ्यांच्या पेटीत चाबकाचाही पैसा होता. अक्षर खरं होतं, पैसाही खरा होता. जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती काळ्यांना गुलामीतनं सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. कुठल्या अमेरिकेला सलाम करायचा हे त्यांनी नेमकं निवडलं.

यादवी युद्ध झालं, १८६५ साली गुलामी कायद्यानं गेली. मग आलं लिंचिंग. टस्कीगी संस्थेच्या नोंदीप्रमाणे १८८२ ते १९६८ मध्ये ३४४६ काळी माणसं झुंडीनं मारली. ह्याच काळात, १९१० ते १९१५, तेलाच्या धंद्यातल्या लायमन स्ट्युअर्टच्या पैशानं 'द फंडामेंटल्स' नावाचे १२ खंड निघाले आणि सुमारे ३० लाख प्रती फुकट वाटल्या. 'फंडामेंटलिस्ट' हा शब्द त्यातनंच पुढं निघाला. त्यात ९० लेख आहेत. कुमारीचा जन्म आहे, पुनरुत्थान आहे, डार्विन आहे, समाजवाद आहे. झाडाला टांगलेल्या माणसावर एकही लेख नाही. जगाचं पाप एका माणसानं लाकडावर टांगून घेऊन फेडलं असं मानणाऱ्यांना समोरचं झाड दिसू नये!

बाबासाहेबांनी १९३६ साली जातपातवाल्यांना हेच सांगितलं होतं की शास्त्र पवित्र आहे ही समजूत सोडल्याशिवाय जात हलणार नाही. अमेरिकेतली गोष्ट त्यात एक पेच घालते. तिथं त्याच शास्त्रातनं खालच्या माणसानं आपली सुटकाही काढली. आपल्या मनूच्या पुस्तकात शूद्राला निर्गमाचा अध्याय शोधूनही सापडायचा नाही; हा दोन पुस्तकांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. पण पुस्तक बरं असून भागत नाही, हेही तिथंच दिसतं. १९६० च्या ईस्टरला बॉब जोन्स ह्या कडव्या प्रवचनकारानं रेडिओवरनं सांगितलं की गोरे-काळे वेगळे ठेवणं शास्त्रात आहे. आधार दिला प्रेषितांच्या कृत्यांतला, देवानं राष्ट्रांच्या हद्दी आखल्या म्हणून. त्याच वचनाच्या पहिल्या अर्ध्यात देवानं एका रक्तापासून सगळी राष्ट्रं केली असं आहे. अर्धं वाचलं, अर्धं गिळलं. त्याच्या विद्यापीठानं १९७१ पर्यंत काळ्यांना घेतलं नाही, १९७५ पर्यंत बिनलग्नाच्यांना घेतलं नाही. १९८३ साली सुप्रीम कोर्टात त्यांची करमाफी गेली तेव्हाही हटले नाहीत. गोऱ्या-काळ्यांनी एकमेकांबरोबर फिरायचं नाही हा नियम थेट २००० साली गेला. जेरी फॉलवेल १९६५ साली किंगच्या मोर्चांवर बोलले की पाळकाचं काम आत्मे जिंकणं, राजकारण नव्हे. १९७९ साली त्यांनीच 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना काढली. तोवर राजकारण पवित्र झालं होतं.

आतून लढणारेही होते. जॉन पर्किन्स हा मिसिसिपीचा इव्हँजेलिकल पाळक. त्याच्या भावाला १९४६ साली पोलिसानं गोळी घातली, त्याला स्वतःला १९७० साली ब्रँडनच्या तुरुंगात मरेस्तोवर मारलं. त्याच साली हार्लेमच्या टोळीतनं पाळक झालेला टॉम स्किनर अर्बानाला हजारो विद्यार्थ्यांसमोर उभा राहिला आणि येशूला मुक्तिदाता म्हणून मांडलं, गोऱ्या अमेरिकेचा रखवालदार म्हणून नाही. ह्या दोघांनी एकही सिद्धांत सोडला नव्हता. रक्त, क्रूस, नवा जन्म, सगळं जागच्या जागी. फक्त अंगाची आणि आत्म्याची ती १६६७ ची वाटणी त्यांनी मानली नाही.

सदर्न बाप्टिस्टांनी १९९५ साली, दीडशे वर्षांनी, अटलांटात गुलामी आणि वर्णद्वेषाबद्दल जाहीर क्षमा मागितली. २०१८ साली त्यांच्या लुइव्हिलच्या जुन्या धर्मविद्यालयानं स्वतःच चौकशी करून अहवाल छापला: चार संस्थापकांकडं मिळून ५० च्या वर गुलाम होते. पुढच्या वर्षी गावातल्या काही पाळकांनी मागणी केली की मग आपल्या पैशातला वाटा इथल्या काळ्यांच्या कॉलेजला द्या. विद्यालयानं नाही म्हटलं. लूकच्या १९ व्या अध्यायात जक्कय नावाचा जकातदार आहे. लुबाडलेल्याला चौपट परत करीन असं तो बोलतो, आणि मगच येशू त्याच्या घरात तारण आल्याचं सांगतो.