खाज, दमा आणि एक जुनी भीती

तान्ह्या मुलाच्या गालांवर लाल चट्टे उठावेत, ते पाझरू लागावेत आणि खाजेपायी मुलाने व आईने रात्रीमागून रात्री जागून काढाव्यात. तरीही घरातील वडीलधाऱ्यांनी मलम लावू देऊ नये, असे पूर्वी पुष्कळदा घडे. इसब वरून बुजवले की विकार आत शिरतो आणि पुढे दम्याच्या रूपाने उफाळतो, ही त्यांची भीती. तिला अडाणीपणा म्हणून हसण्याचे कारण नाही. युरोपातील विद्वान वैद्यांनीही ती शतकानुशतके बाळगली होती. शरीरातील दूषित रस त्वचेवाटे बाहेर पडतात, ती वाट अडवणे घातक, असा त्यांचा सिद्धांत होता. एक्झिमा या शब्दाचे ग्रीक मूळच मुळी ‘उकळून वर येणे’ असे आहे.

या सिद्धांतावर पहिला जबर घाव घातला तो व्हिएन्नाच्या फेर्डिनांड हेब्राने. खरूज रक्तदोषाने होत नसून सूक्ष्म किड्यामुळे होते, हे त्याने १८४४ साली ठासून मांडले. जमालगोट्याचे तेल चोळून निरोगी कातडीवरही एक्झिमा उठवता येतो, हे त्याने दाखविले. रोग कातडीचा, म्हणून उपचारही कातडीवरच, हा त्याचा आग्रह. त्याने असंख्य रोग्यांची जुलाब आणि रक्तस्राव यांतून सुटका केली. पण उत्साहाच्या भरात एक गोष्ट त्याच्या नजरेतून निसटली.

ती पॅरिसच्या एर्नेस्त बेनिएने १८९२ मध्ये टिपली. काही रोग्यांत ही खाज बालपणीच सुरू होते, वर्षानुवर्षे जातयेत राहते आणि त्यांच्यात किंवा त्यांच्या घराण्यात दमा व परागज्वर आढळतो. म्हणजे वडीलधाऱ्यांचे निरीक्षण खरे होते. चुकला होता तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. इसब दाबल्याने दमा होत नाही. दोन्ही एकाच प्रकृतीची भावंडे आहेत. या प्रकृतीला अमेरिकेत कोका आणि कुक यांनी १९२३ साली ‘अटोपी’, म्हणजे ‘स्थानभ्रष्ट’, असे नाव दिले. शब्द सुचविला तो पेरी नावाच्या ग्रीकच्या पंडिताने! १९३३ मध्ये वाइझ व सल्झबर्गर यांनी तेच विशेषण या त्वचारोगाला जोडले.

नाव मिळाले, तरी औषध येण्यास १९५२ साल उजाडले. सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोनचे मलम गुणकारी असल्याचे दाखविले. पुढे अशाच वर्गातील तीव्र मलमे सल्ल्यावाचून महिनोन्महिने चोळली गेली, कातडी पातळ झाली आणि जुन्या भीतीला नवे निमित्त सापडले.

२००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष उजेडात आणला. भिंतीचा गिलावा ढासळावा तशी अशी त्वचा ओलावा राखू शकत नाही आणि बाहेरचे त्रासदायक कण आत येऊ देते. कोमट पाण्याने थोडक्यात स्नान, अंग ओलसर असतानाच स्निग्ध लेप, लोकरीऐवजी मऊ सुती कपडे, कापलेली नखे आणि चट्टे भडकल्यास वैद्याच्या देखरेखीखाली मलम, ही आजची दिनचर्या त्या भिंतीचीच डागडुजी होय. तिला दाद न देणाऱ्या तीव्र रोगासाठी २०१७ साली अमेरिकेत डुपिलुमॅब हे टोचून द्यावयाचे औषध संमत झाले. पुढच्याच वर्षी त्याला तेथे दम्याच्या काही प्रकारांसाठीही मान्यता मिळाली.