वाळूवरील हिरवळ : फ्लोरिडाच्या किनारपट्टीतील घरगुती गवताचा इतिहास

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या किनारपट्टीवर घर म्हटले की त्यापुढे हिरवळ असावयाचीच, असे आज गृहीत धरले जाते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, आणि खेड्यापाड्यांतून तर त्यानंतरही कित्येक दशके, घरापुढील आवारात गवताची एक काडीही उगवू न देणे हेच नेटक्या गृहिणीचे लक्षण मानले जाई. डहाळ्या बांधून केलेल्या खराट्याने आवारातील वाळू रोज झाडली जात असे. गवत नसले म्हणजे साप दुरून दिसतो आणि वणवा लाकडी घरापर्यंत पोहोचत नाही, हा त्यामागील व्यवहार होता. काळ्या आणि गोऱ्या अशा दोन्ही समाजांत ही रीत रूढ होती. तिचा उगम पश्चिम आफ्रिकेतील गृहरचनेत असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. झोरा नील हर्स्टन या लेखिकेने ईटनव्हिल येथील जीवनावर १९३३ मध्ये जी कथा प्रसिद्ध केली, तीत आवारावर दाताळ्याने उमटविलेल्या नक्षीचा उल्लेख आहे. कोकणातील सारवलेल्या अंगणाची येथे सहज आठवण व्हावी. मात्र एक भेद लक्षात घेतला पाहिजे. चोपून सारवलेली जमीन बांधली जाते. फ्लोरिडातील वाळू केवळ झाडली जाई, कारण बांधली जाण्याचा गुणच तिच्या अंगी नव्हता.

पुढील सर्व इतिहासाचे बीज या एका गुणाच्या अभावात आहे. या द्वीपकल्पावरील वाळू मुख्यतः गारगोटीच्या कणांची असून उत्तरेकडील ॲपलाचियन पर्वताच्या झिजेतून नद्या व सागरप्रवाह यांनी ती दक्षिणेकडे वाहून आणलेली आहे. तीत चिकणमाती जवळजवळ नाही आणि कुजलेल्या वनस्पतींचा अंशही अल्प. त्यामुळे पाणी तीत ठरत नाही. एक इंच पाणी घातले तर ते सुमारे फूटभर खोल उतरून जाते. पाण्याबरोबर विद्राव्य नत्रही खाली जाते, कारण त्याला धरून ठेवणारे काही वाटेत नसते. प्रत्यक्ष किनाऱ्यालगत शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असल्याने जमीन चुनखडीयुक्त बनते आणि पिकाला लोह मिळेनासे होते. पावसाची तऱ्हाही विचारात घ्यावयास हवी. वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे ५४ इंचांपैकी निम्म्याहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, तर त्याच्या आधीचा वसंत कोरडा जातो. म्हणजे वर्षाचा एक भाग गवत तहानेने वाळावयाचे आणि दुसऱ्या भागात त्याचे अन्न धुपून जावयाचे, अशी ही भूमी आहे.

अशा भूमीवर हिरवळ आली ती बाहेरून. रेल्वेमार्गाबरोबर हेन्री फ्लॅग्लर यांनी सेंट ऑगस्टीन येथे १८८८ मध्ये व पाम बीच येथे १८९४ मध्ये भव्य विश्रामगृहे उघडली आणि हिवाळ्यापुरत्या येणाऱ्या उत्तरेकडील धनिकांच्या डोळ्यांना परिचित असे हिरवे प्रांगण त्यांच्यापुढे पसरले. माळ्यांची फौज पदरी असलेल्या विश्रामगृहाला ते परवडणारे होते. सामान्य गृहस्थाने तसे करावयाचे ठरविले तेव्हा मात्र त्याला पहिली अडचण आली ती गवताच्या जातीची. उत्तरेकडील ब्लूग्रास हे गवत फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात तग धरीत नाही. म्हणून राज्याच्या कृषिसंशोधन केंद्राकडे विचारणा होऊ लागली आणि १९२९ मध्ये या केंद्राने फ्लोरिडातील हिरवळींविषयी स्वतंत्र पत्रिका प्रसिद्ध केली. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विद्यापीठीय कृषिज्ञान गावोगाव पोहोचविणारी जी विस्तारसेवा निर्माण झाली होती, तिचा हेतू शेतकऱ्यास साहाय्य करणे हा होता. ज्याला काही पिकवावयाचे नाही असा एक नवा 'शेतकरी' तिच्या दाराशी आला, ही घटना लहान नव्हे.

या गृहस्थापुढे ठेवलेली गवते बहुतेक परदेशी होती. बहिया गवत ब्राझीलमधून १९१४ च्या सुमारास चराऊ गवत म्हणून आले. सेंटिपीड गवताचे बी चीनमधून, तेथेच १९१८ मध्ये मृत्यू पावलेल्या फ्रँक मेयर या वनस्पतिसंशोधकाच्या सामानातून पोहोचले. ज्याला तेथे बर्म्युडा ग्रास म्हणतात ते तर आपली हरळीच, म्हणजे गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा. शेजारच्या जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी हरळीचा आफ्रिकी जातीशी संकर करून १९५६ मध्ये 'टिफग्रीन' व १९६० मध्ये 'टिफवे' ही वाणे प्रसृत केली. महाराष्ट्राशी या गृहस्थांचा दुसराही संबंध आहे. त्यांनीच टिफ्टन येथे सिद्ध केलेल्या 'टिफ्ट २३ए' या नरवंध्य बाजरीच्या आधारे लुधियाना येथे संकरित बाजरीचे एचबी-१ हे वाण तयार झाले आणि १९६५ मध्ये ते भारतभर देण्यात आले. हे उदाहरण येथे निव्वळ कुतूहलापोटी दिलेले नाही. त्याचा उपयोग पुढे होईल.

किनाऱ्यालगतच्या घरांपुढे मात्र सर्वाधिक पसरले ते सेंट ऑगस्टीन गवत. खारा वारा, चुनखडी आणि सावली ही तिन्ही ते बऱ्यापैकी सोसते. त्याचे बी पेरून हिरवळ होत नाही. सरपटणाऱ्या खोडांचे तुकडे फूटभर अंतराने लावावे लागतात किंवा मातीसकट कापलेल्या लाद्या अंथराव्या लागतात. म्हणजेच एका आवारातील हिरवळ ही बहुधा एकाच झाडाचा विस्तार असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या उद्योगाचे रूप पालटले. १९५० मध्ये राज्याची लोकसंख्या सुमारे २७.७ लाख होती. १९६० मध्ये ती ४९.५ लाखांवर गेली. घरे कोठे बांधली गेली हे पाहण्यासारखे आहे. १९५७ मध्ये रोझेन बंधूंनी सुरू केलेल्या केप कोरल या वसाहतीत कालवे खोदून त्यांतील गाळ-वाळू दोन्ही काठांवर पसरण्यात आली आणि त्या भरावावर भूखंड आखले गेले. तेथील कालव्यांची एकूण लांबी ४०० मैलांहून अधिक आहे. अशा भूखंडावर मूळची माती नव्हतीच. होते ते उपसलेले शिंपले व वाळू, आणि त्यांच्यावर पुष्कळदा एव्हरग्लेड्सच्या काळ्या दलदलीत वाढविलेल्या गवताच्या लाद्या. त्या काळ्या मातीचा पातळ थर पाणी धरी, खालची वाळू ते सोडून देई. मुळे खाली जाण्याऐवजी वरच्या थरातच घुटमळत. बहुतेक खरेदीदार उत्तरेकडून आलेले निवृत्त लोक होते. माळी ठेवण्याची ऐपत नाही, पण हाताशी वेळ आहे, अशा या वर्गाने हिरवळीचे काम स्वतःच करावयास घेतले.

विस्तारसेवेने त्यांना दिलेले शिक्षण चांगले होते, हे मान्य केले पाहिजे. पाते लांबीच्या दिशेने मिटू लागले, रंग निळसर-राखी झाला आणि चालल्यावर पावलांचे ठसे गवतात तसेच राहिले म्हणजेच पाणी द्यावे. एका वेळी अर्धा ते पाऊण इंचच द्यावे. ते मोजण्यासाठी फवाऱ्याखाली रिकामे डबे मांडून ठेवावेत. कापताना गवत साडेतीन ते चार इंच उंच राखावे, कारण उंच गवताची मुळे खोल जातात. शिंपलेयुक्त जमिनीत गवत पिवळे पडले तर ती बहुधा लोहाची उणीव असते, नत्राची नव्हे, हेही त्यांना सांगितले जाई. परंतु दुकानात सर्वांत सुलभ मिळणारी वस्तू म्हणजे नत्रयुक्त खताची पिशवी. पिवळेपणा दिसला की ती रिकामी करणे हा सोपा मार्ग होता, आणि पुष्कळांनी तोच पत्करला.

त्याचा पहिला परिणाम कीटकांच्या रूपाने दिसला. चिंच बग नावाचा, लांबीने अर्धा सेंटिमीटरही नसलेला एक रसशोषक कीटक सेंट ऑगस्टीन गवताचा मुख्य शत्रू होय. (आपल्या चिंचेशी या नावाचा संबंध नाही, ढेकणाला स्पॅनिश भाषेत जे नाव आहे त्यावरून ते आले.) भरपूर नत्रावर पोसलेले गवत त्याला विशेष मानवते. युद्धानंतर डी.डी.टी. व क्लोरडेन यांनी प्रथम त्याचा बंदोबस्त झाला. थोड्याच वर्षांत ती औषधे निष्प्रभ ठरली, मग फॉस्फरसयुक्त औषधे आली, आणि पुढे त्यांनाही दाद न देणारे कीटक आढळले. १९७३ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठ आणि टेक्सस ए. अँड एम. विद्यापीठ यांनी मिळून 'फ्लोराटॅम' हे वाण प्रसृत केले. हा कीटक त्यावर जगत नव्हता. औषधावाचून सुटका देणारे हे वाण लवकरच राज्यभर सर्वाधिक लावले जाऊ लागले. परंतु १९८५ च्या सुमारास फ्लोराटॅमवरही पोसणारे चिंच बग आढळले. वर उल्लेखिलेल्या एचबी-१ बाजरीची गतही अशीच झाली होती. एकाच मादीवंशावर आधारलेली संकरित वाणे सर्वत्र पेरली गेल्यावर १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत गोसावी रोगाने त्यांचा मोठा संहार केला. वाणाचे यश जितके सार्वत्रिक, तितके त्याचे अपयशही सार्वत्रिक होते. फरक इतकाच की बाजरी गेली तेव्हा शेतकऱ्याची भाकरी गेली.

या इतिहासाकडे केवळ अमेरिकी गृहस्थाच्या स्वावलंबनाची कथा म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. तो अपुरा वाटतो. गृहस्थाचे हात स्वतःचे होते. निवड फार थोडी त्याची होती. अनेक वसाहतींतील खरेदीखतांत हिरवळ राखण्याची अट असे आणि घरमालकांचा संघ ती न पाळणाऱ्यास दंड करी. एकीकडे १९७२ च्या जलसंपत्तिकायद्यानंतर प्रादेशिक जलव्यवस्थापन मंडळे पाणी देण्याचे वार ठरवून देऊ लागली, तर दुसरीकडे संघ पिवळ्या गवताबद्दल नोटीस पाठवी. सेंट पीटर्सबर्ग या शहराने १९७७ मध्ये शुद्ध केलेले सांडपाणी वेगळ्या नळांनी बागांना पुरविण्यास आरंभ करून पिण्याच्या पाण्यावरील भार हलका केला. त्या पाण्यात मुळातच नत्र व स्फुरद असतात, हे मात्र खत घालताना पुष्कळांच्या हिशेबात येत नसे. स्थानिक जमिनीला मानवतील अशा वनस्पती लावण्यास खरेदीखताच्या अटींनी बंदी करता येणार नाही, हा कायदा व्हावयास २००९ साल उजाडावे लागले.

वाळूतून गेलेल्या नत्राचा प्रश्न सार्वजनिक झाला तो समुद्रामुळे. नैर्ऋत्य किनाऱ्यावर २००५ मध्ये 'लाल भरती'चा दीर्घ प्रकोप झाला. ही भरती मूळ किनाऱ्यापासून दूर समुद्रात सुरू होते, आणि जमिनीवरील खतांचा तिला कितपत हातभार लागतो याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तरी नागरिकांचे लक्ष किनाऱ्यावरील घरांकडे वळले. २००७ मध्ये सॅरासोटा काउंटीने १ जून ते ३० सप्टेंबर या काळात हिरवळीला नत्र व स्फुरद घालण्यास बंदी केली आणि एरवीच्या खतात निम्मे नत्र सावकाश सुटणारे असावे असा नियम केला. पुढे इतर अनेक काउंट्यांनी व नगरांनी हेच धोरण स्वीकारले. पूर्व किनाऱ्यावरील इंडियन रिव्हर या खाडीत २०११ मध्ये शेवाळाचा असाधारण उद्रेक होऊन समुद्रगवताची हजारो एकर कुरणे नष्ट झाली. त्या गवतावर जगणाऱ्या मॅनाटी या जलचरांची उपासमार होऊन २०२१ मध्ये राज्यात अकराशे मॅनाटी मेल्याची नोंद झाली. या ऱ्हासात घरोघरच्या मलकुंडांचा व साचलेल्या गाळाचा वाटा मोठा असल्याने सारा दोष हिरवळींवर टाकणे अन्यायाचे होईल. पण त्या निर्दोषही नाहीत.

पावसाळी बंदीला प्रखर विरोध झाला तो ज्या विद्यापीठाने फ्लोराटॅम दिले त्याच विद्यापीठातील काही तज्ज्ञांकडून. त्यांचे म्हणणे असे की पावसाळ्यातच गवत जोमाने वाढते व नत्र सर्वाधिक शोषून घेते. त्या वेळी त्याला उपाशी ठेवले तर ते विरळ होऊन धूप वाढेल. २०२३ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पातील तरतुदीने नव्या स्थानिक बंदी एका वर्षापुरत्या थोपविल्या गेल्या आणि या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विद्यापीठास रक्कम देण्यात आली. येथे दोन्ही पक्ष एकाच वस्तूविषयी बोलत नाहीत, हे ध्यानात घेतले पाहिजे. प्रयोगक्षेत्रातील हिरवळ मुळे धरलेली, मोजून पाणी व तोलून खत दिलेली असते. तिच्यातून फारच थोडे नत्र खाली झिरपते, हा निष्कर्ष त्या हिरवळीपुरता खरा आहे. नगरांनी नियम केले ते भरावावरील, उथळ मुळांच्या, वादळी सरीच्या आदल्या सायंकाळी अंदाजाने पिशवी रिती केलेल्या आवारासाठी, आणि ते आवार कालव्याच्या काठाला भिडलेले असते.