डेम्लो स्थानकावर सुचलेली संख्या

१९९३च्या भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या किल्लारीत शिक्षकांची एक बैठक होती. आम्ही फळ्यावर १ हा अंक नऊ वेळा लिहिला आणि त्या संख्येचा वर्ग काढायला सांगितला. मोबाईलवर उत्तर पुरते मावेना. मग कागदावर एकेक घर सरकवत नऊ ओळी मांडल्या आणि बेरीज केली. उत्तर आले १२३४५६७८९८७६५४३२१. एका गुरुजींनी विचारले, "सर, गंमत आहे खरी, पण याचा उपयोग काय?"

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव देणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हेही शाळामास्तरच होते. जन्म १९०५ साली डहाणूचा, शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९३० ते १९६२ ते देवळालीत शिकवत होते. मुंबईजवळच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, असे सांगतात. देशातल्या अनेक गणितज्ञांना त्यांचे काम किरकोळ वाटे. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला, पण त्यांचे नाव जगभर पोचले ते १९७५ साली, मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिल्यावर.

आता आपल्या संख्येकडे वळू. तिच्या अंकांची बेरीज ८१ येते. १११११११११ला ९ने नि:शेष भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ने जाणारच. भागाकार येतो १२३४५६७९चा वर्ग. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले, म्हणजे हर्ष देणारी. तेव्हा ही डेम्लो संख्या हर्षदही आहे.

मग १ हा अंक दहा वेळा लिहून वर्ग केला तर? येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढण मोडली, डावीकडचा ८ नाहीसा झाला. कारण आपल्या मांडणीतच आहे. नऊ ओळींत मधल्या उभ्या रांगेची बेरीज जास्तीत जास्त ९ होते, म्हणून कुठेच हातचा येत नाही. दहाव्या ओळीबरोबर ती १० होते, शून्य लिहून हातचा एक पुढे जातो. तिथे ९ वाट पाहतच असतात, त्यांचेही १० होतात. त्यापुढच्या ८चे ९ होतात आणि हातचा थांबतो. म्हणजे ही जादू नसून दहाच्या पायाचा परिणाम आहे. आठच्या पायात मोजले असते तर हीच चढण सात एकांपर्यंतच टिकली असती.

गुरुजींना आम्ही एवढेच म्हटले, की हातचा का घ्यायचा हे मुलांना सांगायला याहून सोपे उदाहरण आमच्याजवळ नाही. त्यांनी फळ्यावरच्या दहा ओळी वहीत उतरवून घेतल्या. आपणही वर्गात उत्तर आधी न सांगता ही बेरीज मुलांकडूनच करून घ्यावी.