शेडर आणि त्याचे दुभाषी

मोबाइलसाठी लिहिलेले ॲप संगणकावरील एम्युलेटरमध्ये उघडावे आणि पडदा काळाठिक्कर दिसावा. नोंदवहीत शेडरचे संकलन फसले एवढाच निरोप मिळावा, हा अनुभव आज पुष्कळांना येतो. या दोषाचे मूळ समजण्यासाठी, श्रोतेहो, आपणांस थोडे मागे जावयास हवे.

शेडर म्हणजे चित्रातील ठिपक्यांचे रंग कसे काढावेत हे सांगणारा छोटा प्रोग्रॅम. 'पिक्सार'ने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या रेंडरमॅनच्या आराखड्याने हा शब्द रूढ केला. पुढे २००४ साली ओपनजीएल २.० मध्ये शेडरच्या भाषेला स्थान मिळाले. त्यातील योजना अशी, की शेडर मूळ मजकुराच्या रूपातच यंत्रापर्यंत जावा आणि त्याचे यंत्रभाषेत रूपांतर त्या त्या चिपच्या ड्रायव्हरने करावे. जुना मजकूर नव्या चिपवरही चालावा, हा तीतला मोठा लाभ. परंतु त्यामुळे एकाच मजकुराचे जितके ड्रायव्हर तितके अर्थ लावणारे झाले.

२००७ साली मोबाइलसाठी ओपनजीएल ईएस २.० आले, आणि २०१२ पासून अँड्रॉइडचा एम्युलेटर चित्रे काढण्याचे काम यजमान संगणकाच्या चिपकडे सोपवू लागला. मोबाइलची भाषा आणि संगणकाची चिप यांच्यामध्ये असा आणखी एक दुभाषी आला.

म्हणून दोष शोधताना प्रथम नोंदवहीतील ओळ क्रमांक पाहावा. मग आवृत्तीची ओळ पाहावी, ईएस ३.० च्या शेडरात ती अगदी पहिली हवी, तिच्याआधी कोरी ओळही चालत नाही. रंगाच्या शेडरात अपूर्णांकांची अचूकता घोषित केली आहे ना, हेही तपासावे. एवढे करून एम्युलेटरची ग्राफिक्स पद्धत हार्डवेअरवरून सॉफ्टवेअरवर आणावी. दोष नाहीसा झाला तर संशय यजमानाच्या ड्रायव्हरवर जातो. राहिला तर मजकूर पुन्हा वाचावा.

तथापि आम्हांस अधिक भय वाटते ते तक्रार न करणाऱ्या एम्युलेटरचे. मध्यम अचूकता मागितली असताही संगणकाची चिप बहुधा पूर्ण अचूकतेनेच गणित करते. पुष्कळ फोन मात्र ते १६ बिटांत करतात, आणि तेथे १०२४ च्या पुढे अपूर्णांक उरतच नाही. एम्युलेटरमध्ये संथ वाहणारे पाणी मग फोनवर गचके खाऊ लागते, आणि नोंदवहीत एक अक्षरही नसते.

२०१६ साली आलेल्या व्हल्कनने मूळ मजकुराऐवजी आधीच संकलित केलेले मध्यरूप स्वीकारून वाचकांचे मतभेद पुष्कळ कमी केले. तरी अचूकतेचा प्रश्न तेथेही उरतोच. तेव्हा एम्युलेटरची तक्रार अवश्य ऐकावी; पण शेवटची परीक्षा प्रत्यक्ष फोनवरच घ्यावी, असे आमचे मत आहे.